पेन्सिल उचलायला किती बल लागते?

जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलायला किती बल लागते? पेन्सिलीचे वजन पाचएक ग्रॅम, तेव्हा पाच ग्रॅम-भाराहून किंचित जास्त बल पुरे, असे तुम्ही म्हणाल. बोटांपुरते हे उत्तर बरोबर आहे. पण साठ किलोग्रॅम वजनाचा एखादा माणूस ती पेन्सिल घ्यायला कमरेत काटकोनात वाकला, तर त्याच्या पाठीचे स्नायू त्या क्षणी सुमारे पावणेदोनशे किलोग्रॅम-भाराने ओढत असतात. पाच ग्रॅमसाठी पावणेदोनशे किलोग्रॅम! निसर्गाचा हा व्यवहार एवढा तोट्याचा का, हे समजले म्हणजे आजोबांच्या कमरेत उसण का भरते, हमालाची पाठ लवकर का जाते आणि स्वयंपाकघरातला ओटा किती उंच असावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच सूत्रातून मिळतात. आणि ते सूत्र तुम्हाला शाळेतच शिकवलेले आहे.

तरफेचा नियम आठवा. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा. या गुणाकाराला परिबल म्हणतात. पहारीने दगड हलवताना आपली बलभुजा लांब आणि दगडाची भारभुजा आखूड असते, म्हणून थोड्या बलाने मोठा दगड हलतो. शरीरातल्या बहुतेक तरफा मात्र नेमक्या उलट आहेत. त्यांत स्नायू टेकूच्या अगदी जवळ जोडलेला असतो आणि भार दूर असतो. याचा फायदा असा की स्नायू थोडासा आखडला तरी हाताचे टोक भरकन लांब जाते. चेंडू फेकता येतो तो यामुळेच. पण वेगाचा हा फायदा बलाच्या रूपाने फेडावा लागतो.

हे कागदावर पटत नसेल तर एक प्रयोग करा. लाकडी फूटपट्टीच्या एका टोकाला भोक पाडून ती भिंतीवरच्या खिळ्यात सैल अडकवा. भोकापासून ३ सेंटिमीटरवर दोरा बांधा आणि त्यात प्रयोगशाळेतला ताणकाटा अडकवा. भोकापासून २७ सेंटिमीटरवर २०० ग्रॅमचे वजन टांगा. आता पट्टी आडवी राहील अशा बेताने ताणकाटा सरळ वर ओढा आणि आकडा वाचा. तो १.८ किलोग्रॅमहून थोडा जास्त येईल. नऊपट भुजा, म्हणून नऊपट बल. वरचा थोडा आकडा कशाचा, ते तुम्हीच शोधा. (पट्टीलाही वजन असते, एवढे सांगून ठेवतो.) मग वजन हळूहळू खिळ्याकडे सरकवत आणा आणि काटा कसा उतरतो ते पाहा. वजन तेच आहे, बदलते ते फक्त अंतर. या लेखात पुढे जे काही सांगायचे आहे ते सारे या सरकत्या वजनात आले आहे.

आता खिळ्याच्या जागी कमरेचा मणका धरा. आपल्या पाठीच्या कण्यात एकावर एक रचलेले सुटे मणके २४. त्यांच्या मधे लवचिक गाद्या असतात. कण्याच्या तळाशी, कमरेच्या शेवटच्या मणक्याखाली जी गादी आहे तो आपला टेकू. पाठीचे स्नायू या टेकूच्या मागे, साधारण ५ सेंटिमीटरवरून ओढतात. साठ किलोग्रॅमच्या माणसाचे धड, डोके आणि हात मिळून सुमारे ३५ किलोग्रॅम भरतात. तो काटकोनात वाकला की या वरच्या भागाचा गुरुत्वमध्य टेकूपासून पुढे सुमारे २५ सेंटिमीटर जातो. ३५ गुणिले २५ म्हणजे ८७५. भागिले ५ म्हणजे १७५ किलोग्रॅम-भार. पेन्सिल यात धरलेलीच नाही. ती असली काय नि नसली काय! जे उचलायला इतके बल लागते ते ओझे म्हणजे आपण स्वतःच.

आता पेन्सिलीऐवजी पाण्याने भरलेली बादली घेऊ. बादलीसकट १६ किलोग्रॅम, टेकूपासून ४० सेंटिमीटर पुढे. तिचे परिबल ६४०. एकूण १५१५, भागिले ५, म्हणजे ३०३ किलोग्रॅम-भार. उलट पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, बादली दोन्ही पायांच्या मधे घेऊन उचलली तर? धड फारसे झुकत नाही, गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर पुढे आणि बादली २० सेंटिमीटर पुढे असे धरू. ५२५ अधिक ३२०, भागिले ५, म्हणजे १६९. स्नायूंच्या ओढीपुरते बोलायचे तर नीट उचललेली भरली बादली वेड्यावाकड्या उचललेल्या पेन्सिलीपेक्षा हलकी! गादीवर याशिवाय धडाच्या आणि बादलीच्या वजनाचा काही भाग सरळ पडतो, पण तो धरूनही बेरीज ३०३ च्या पुष्कळच खाली राहते.

हे गणित ढोबळ आहे हे खरे. माणसाच्या पाठीत एक नव्हे, अनेक स्नायू आहेत आणि ते निरनिराळ्या कोनांतून ओढतात. तेव्हा प्रत्यक्ष मोजून पाहिले पाहिजे असे कोणाला तरी वाटणारच. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुईसारखे उपकरण घालून आतला दाब मोजला. पुढे १९९० च्या दशकात जर्मनीतल्या उल्म येथील संशोधकांनी एका ४५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकाच्या गादीत बारीकसा दाबमापक बसवून चोवीस तासांच्या नोंदी घेतल्या. (स्वयंसेवकाच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.) उताणे झोपलेले असताना दाब ०.१ मेगॅपास्कल होता. सरळ उभे राहिल्यावर ०.५, पुढे वाकल्यावर १.१. वीस किलोग्रॅमचे ओझे पाठ वाकवून उचलले तेव्हा तो २.३ वर गेला. गुडघ्यांत वाकून उचलले तेव्हा १.७. आणि तेच ओझे अंगाशी घट्ट धरून उभे राहिल्यावर १.१. एक मेगॅपास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम-भार. मोटारीच्या टायरमधली हवा साधारण ०.२ मेगॅपास्कलने दाबलेली असते. तेव्हा २.३ म्हणजे टायरच्या अकरा-बारा पट! आता पाहा: रिकाम्या हातांनी वाकणे आणि वीस किलोग्रॅम छातीशी धरून उभे राहणे, दोन्हींचा दाब सारखाच भरला. आपल्या ढोबळ गणिताचा कल चुकलेला नाही.

या दाबाचा पुरावा तुम्हाला घरच्या घरी पाहता येतो. रात्री झोपण्यापूर्वी भिंतीला पाठ टेकून कोणाकडून तरी उंची मोजून घ्या. सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर पुन्हा मोजा. सकाळी तुम्ही सेंटिमीटरभर उंच भराल. गादीच्या आतला गर पाणीदार असतो. दिवसभराच्या दाबाने त्यातले थोडे पाणी बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. उल्मच्या त्या नोंदींत झोपेच्या सात तासांत गादीतला दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढला होता, तो याच कारणाने. अंतराळवीरांवर तर वजनाचा भारच नसतो. तिकडे त्यांची उंची काही सेंटिमीटरने वाढते आणि पृथ्वीवर परतल्यावर पूर्ववत होते. गादीचे पोषणही अशाच झिरपण्यातून होते, कारण मोठ्या माणसांत तिच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून बोटाला कापले तर आठवड्यात भरून येते, पण फाटलेली गादी इतक्या सहजी सांधत नाही. बाहेर आलेला गर शेजारच्या मज्जातंतूला टेकला की कळ थेट पायात उतरते.

रिकाम्या हातांनी वाकणे एवढे महाग असेल, तर दिवसभर वाकून काम करणाऱ्याचे काय होत असेल? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या मळ्यांत रोपांची विरळणी व खुरपणी करायला मजुरांना आखूड दांड्याचे एक अवजार देत. दांडा जेमतेम फूट-दीड फुटाचा. मेक्सिकोहून आलेले मजूर त्याला एल कोर्तितो, म्हणजे छोटुकले, म्हणत. नाव लाडिक, पण ते वापरायचे म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत दुमडून सरीमागून सरी पुढे सरकायचे. पुढे शेतमजुरांचे मोठे नेते झालेले सीझर चावेझ यांनीही तारुण्यात याच अवजाराने काम केले होते. मळेवाल्यांचे म्हणणे असे की लांब दांड्याने नाजूक रोपे तुटतील, पीक बुडेल. मजूर याचे दुसरेही कारण सांगत: दांडा आखूड असला की कोण पाठ सरळ करून उभा राहिला ते मुकादमाला दुरूनच दिसते! प्रकरण न्यायालयात गेले. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी तिथे या अवजारावर बंदी आली. पीक काही बुडाले नाही. दांडा लांब झाला, मजूर उभा राहिला, आणि लेट्यूस पूर्वीसारखेच पिकत राहिले.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते ती यासाठी की इथे मजुराला कोणी ‘नीट वाकायला’ शिकवले नाही, अवजार बदलले. काम माणसाच्या अंगाजोगे करण्याच्या या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ग्रीक भाषेत एर्गॉन म्हणजे काम आणि नोमॉस म्हणजे नियम. हे नाव १८५७ साली यास्त्शेंबोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने प्रथम वापरले. आपल्याकडे शेतांतून आता दिसणारे सायकल कोळपे हे या शास्त्राचे चांगले उदाहरण आहे. पुढे चाक, मागे कमरेच्या उंचीला मूठ; खुरपे घेऊन ओणवे बसायचे ते काम चालता चालता होते. भाताच्या लावणीवर मात्र इतका सोपा तोडगा नाही. यंत्रे आहेत, पण लहान खाचरात आणि लहान खिशात ती मावत नाहीत. चिखलात दिवस-दिवस वाकून रोपे लावणाऱ्या बायका पाहिल्या की वरचा १७५ चा आकडा आठवावा.

ओझे उचलण्याबद्दल ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ असे तक्ते कारखान्यांतून लावलेले असतात. सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. बादली पायांच्या मधे मावते. रुंद खोके मावत नाही. ते गुडघ्यांच्या पुढे राहते, म्हणजे गुडघे वाकवल्यामुळे उलट भारभुजा वाढते! शिवाय दिवसाला दोनशे पोती उचलणारा माणूस प्रत्येक वेळी पूर्ण खाली बसून उठला तर त्याच्या मांड्याच आधी थकतील. नुसते उचलण्याचे शिक्षण देऊन कामगारांची कंबरदुखी कमी होते का, हे अनेकदा तपासून पाहिले गेले आणि उत्तर निराशाजनक आले. म्हणून आधी पाहायचे ते ओझ्याचे अंतर, त्याची उंची आणि त्याचे वजन. माणसाला उपदेश त्यानंतर.

अमेरिकेतील नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली ओझ्यासाठी एक सूत्र दिले, ते तुमच्या वहीत जरूर उतरवून घ्या. सर्व काही आदर्श असेल तर मर्यादा २३ किलोग्रॅम. ओझे धरलेले हात घोट्यांपासून जितके सेंटिमीटर पुढे असतील त्या संख्येने २५ ला भागा आणि त्या गुणोत्तराने २३ ला गुणा. अंतर ५० सेंटिमीटर असेल तर मर्यादा अर्धी, साडेअकरा किलोग्रॅम. पाहिलेत? आपला तरफेचा नियमच नवा सदरा घालून आला आहे. ओझ्याची उत्तम उंची ७५ सेंटिमीटर; तिच्या वर किंवा खाली जेवढे सेंटिमीटर जाल, दर सेंटिमीटरला मर्यादा ०.३ टक्क्याने उतरते. म्हणजे जमिनीवरून उचलायचे तर ०.७७५ ने गुणायचे. शिवाय कंबर पिळवटून ओझे बाजूला टाकायचे असेल तर आणखी कपात, वारंवार उचलायचे असेल तर आणखी.

आता जमिनीवर पडलेले सिमेंटचे पोते घेऊ. हात ४० सेंटिमीटर पुढे. २३ गुणिले ०.६२५ गुणिले ०.७७५. उत्तर येते ११ च्या थोडे वर. पोते आहे ५० किलोग्रॅमचे. हा चौपटीहून अधिक फरक कोणाच्या तरी पाठीतून वसूल होतो. ब्रिटनमध्ये सिमेंटची पिशवी २५ किलोग्रॅमची मिळते. सिमेंट तेच, बांधकामही तसेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोग्रॅमच्या मर्यादेची शिफारस केली, तेव्हा आपल्याकडे क्विंटलची, म्हणजे १०० किलोग्रॅमची पोती पाठीवर चढत होती. मुंबईच्या बाजारांतून ती वाहणाऱ्यांना माथाडी म्हणतात. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. महाराष्ट्राने १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा केला. हमालासाठी वेगळा कायदा करणारे राज्य म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. पण पोते अजून ५० किलोग्रॅमचे आहे.

माथ्यावर का वाहायचे, हाही भौतिकशास्त्राचाच प्रश्न आहे. चुंबळीवर ठेवलेला हंडा कण्याच्या बरोबर वर असतो, त्यामुळे भारभुजा जवळजवळ शून्य. कमरेच्या स्नायूंना फारसे ओढावे लागत नाही. १९८६ साली पूर्व आफ्रिकेतल्या बायकांवर केलेल्या मोजणीत तर असे दिसले की स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचे ओझे डोक्यावर घेऊन त्या चालल्या तरी त्यांचा प्राणवायूचा खर्च वाढत नव्हता. मानेच्या मणक्यांना मात्र सारा भार सोसावा लागतो, तेव्हा ही पद्धत फुकटची नव्हे. पण खरा धोका चालण्यात नसून हंडा जमिनीवरून डोक्यापर्यंत चढवण्यात आणि परत उतरवण्यात आहे. म्हणूनच पाणवठ्यावर ‘जरा हात लाव गं’ अशी हाक ऐकू येते. केरळ आणि तमिळनाडूतल्या जुन्या वाटांवर यासाठी दगडी चौकटी उभारलेल्या आहेत: दोन उभे खांब, वर खांद्याच्या उंचीला एक आडवी शिळा. वाटसरू डोक्यावरचे ओझे सरळ त्या शिळेवर सरकवी, विसावा घेई आणि न वाकता पुन्हा डोक्यावर घेई. मल्याळममध्ये तिला चुमटुतांगी म्हणतात. अर्गोनॉमिक्स हा शब्द न ऐकलेल्या माणसांनी बांधलेली ती एक उत्तम अर्गोनॉमिक वस्तू आहे.

आपल्या घरात अशी सोय कुठे करता येईल? ओट्यापासून सुरुवात करा. घरात जो कोणी रोज स्वयंपाक करतो त्याला सरळ उभे करून, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपराची उंची मोजा. भाजी चिरण्यासारख्या हलक्या कामाला ओटा या उंचीपेक्षा दहाएक सेंटिमीटर खाली हवा. कणीक मळायला अंगाचे वजन टाकावे लागते, म्हणून तिथे पंधरा-वीस सेंटिमीटर खाली. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचे कोपर सुमारे ९५ सेंटिमीटरवर येते. तेव्हा तिला चिरायला ८५ चा ओटा ठीक, पण मळायला तो उंच पडेल आणि खांदे चढवून मळावे लागेल. पायांखाली एक रुंद, न डगमगणारा पाट घेतला की काम झाले. भांडी घासायचे सिंक उलट खोल असते. त्यात तळाशी एखादे घमेले उपडे घालून त्यावर भांडी घासली तर वाकणे वाचते. गवंडी ओटा बांधतो तो त्याच्या सवयीच्या मापाने. ज्याला तिथे रोज दोन-तीन तास उभे राहायचे त्याचे कोपर कोणी मोजत नाही.

तुमच्या दप्तराबद्दल थोडक्यात. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाप्रमाणे ते तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. काट्यावर ठेवून पाहा. पाण्याची भरलेली बाटली एकटीच किलोभर असते. ती शाळेत भरून घेतली तर? जाड पुस्तके पाठीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवा आणि पट्टे आवळून दप्तर पाठीला चिकटवा. कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

ही सगळी काळजी घेऊनही घरात कोणाची कंबर धरलीच, तर आठवडाभर अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता डॉक्टर देत नाहीत. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवलेली बरी. पायाला बधिरपणा येत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर मात्र एक तासही वाया न घालवता रुग्णालय गाठावे.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. घरच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. दोन्हींची बेरीज साधारण ३० किलोग्रॅम भरते. वरच्या सूत्राप्रमाणे तो जमिनीवरून उचलण्याची मर्यादा किती, ते काढा. मग भरलेला सिलिंडर स्वयंपाकघरात नेताना घरातली मोठी माणसे काय करतात ते पाहा. टोपण घट्ट बसवून ती सिलिंडर किंचित कलता करतात आणि तळाच्या कड्यावर गरगर फिरवत नेतात. कलण्याचा एक ठरावीक कोन असा येतो की तिथे हातांना जवळजवळ काहीच जोर लावावा लागत नाही. सारे वजन कड्यावाटे फरशीवर जाते. त्या कोनात सिलिंडरचा गुरुत्वमध्य कुठे आला असेल? आकृती काढून पाहा.